चौथा गिअर का सुटत होता : जुन्या टूरिंग मोटारसायकलीचे एक प्रकरण

२००९ सालची, ३५० सीसीची, एका सिलिंडरची ही टूरिंग मोटारसायकल जुलैच्या पहिल्या रविवारी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या मीटरवर ७८,४०० किलोमीटर झाले होते. मालक विक्रोळीचे, वय अठ्ठावन्न, गाडी पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातातली. दर वर्षी गणपतीला ते याच गाडीने चिपळूणजवळच्या आपल्या गावी जातात. या वर्षी गणपती तोंडावर आलेले असताना एका गॅरेजने त्यांना सांगितले होते की गिअरबॉक्स गेला आहे, इंजिन उतरवून उघडावे लागेल. त्याच गॅरेजने त्याआधीच्या चार महिन्यांत क्लच प्लेटा बदलल्या होत्या, नवी क्लच केबल टाकली होती आणि ऑइल दोनदा बदलले होते. प्रत्येक वेळी गाडी आठ-दहा दिवस बरी चाले आणि पुन्हा पहिल्यासारखी होई.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवतो आणि रविवारी भांडुपला एका गाळ्यात दोन-तीन प्रशिक्षणार्थींना घेऊन जुन्या दुचाकींचे काम करतो. त्यांच्यासाठी वहीत उतरवलेले हे प्रकरण येथे सविस्तर देत आहे, कारण गिअरची तक्रार तपासताना ज्या ज्या ठिकाणी माणूस फसतो ती जवळजवळ सगळी ठिकाणे या एका गाडीत सापडली. त्यांतल्या एका ठिकाणी मी स्वतः फसलो.

तक्रार ऐकताना

‘गिअर नीट पडत नाही’ एवढेच सांगून गाडी समोर उभी केली जाते तेव्हा त्या वाक्याच्या पोटात निरनिराळे दोष असू शकतात. गिअर पडतच नसेल, पडताना दणका देत असेल, पडून सुटत असेल किंवा न्यूट्रल लागत नसेल; बोलताना या सगळ्यांना एकच नाव मिळते. म्हणून पाना हातात घेण्याआधी मी मालकांना बसवून घेतले आणि विचारले : त्रास गाडी थंड असताना होतो की तापल्यावर? वरचा गिअर टाकताना की खालचा? नेमका कोणत्या दोन गिअरांच्या मध्ये? इंजिन बंद असताना गिअर पडतो का? आणि टाकल्यावर लिव्हर आपोआप जागेवर येतो का?

“सकाळी निघताना काही नाही बघ,” काका म्हणाले. “पण सायनच्या सिग्नलपर्यंत पोचलो की न्यूट्रल काही केल्या लागत नाही. मग क्लच धरूनच उभा राहतो, हात भरून येतो.”

“आणि चालू गाडीत?”

“दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना टाच रिकामी जाते. नुसती जाते, खाली काही लागतच नाही. परत एकदा मारली की पडतो. आणि मे महिन्यात भोस्ते घाट चढताना दोनदा चौथा आपोआप सुटला. इंजिन एकदम ओरडलं. मागे ट्रक होता रे.”

वहीत तीन स्वतंत्र ओळी झाल्या. तापल्यावर न्यूट्रल न लागणे, टाच रिकामी जाणे आणि चढावर चौथा सुटणे या तीन गोष्टी एकाच गिअरबॉक्सशी संबंधित दिसत असल्या तरी त्या तीन वेगवेगळ्या परिस्थितींत घडत होत्या. ज्या दोषाला उष्णतेची गरज लागते आणि ज्या दोषाला इंजिनाच्या ओढीची गरज लागते ते दोन दोष एकच असण्याची शक्यता कमी असते. आधीच्या गॅरेजमध्ये हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, असे काकांच्या बोलण्यावरून दिसले. तिन्ही तक्रारींना मिळून एकच उत्तर दिले गेले होते.

पुढचे समजण्यासाठी गिअरबॉक्सची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मोटारसायकलीच्या गिअरबॉक्समध्ये गिअरांच्या जोड्यांचे दात एकमेकांत कायम गुंतलेलेच असतात. आपण गिअर टाकतो तेव्हा एका गिअरच्या अंगावरचे ठोकळे, ज्यांना डॉग म्हणतात, सरकून शेजारच्या गिअरच्या खोबणीत शिरतात, आणि तोवर शाफ्टवर मोकळा फिरणारा तो गिअर शाफ्टला बांधला जातो. सरकवण्याचे काम फोर्क करतात, फोर्कना ड्रमवर कोरलेल्या वळणदार खाचा हलवतात, आणि हा ड्रम लिव्हरच्या प्रत्येक दाबाला एक घर फिरतो. ड्रम त्या घरात थांबून राहावा म्हणून स्प्रिंगने दाबलेला एक रोलर त्याच्या खळग्यात बसतो. पायाला जाणवणारा ‘टक्’ बहुतांशी त्याचा असतो. या यंत्रणेची एक अट मात्र ठाम आहे : ड्रमला पुढचे घर पकडण्यासाठी लिव्हर प्रत्येक वेळी पूर्णपणे मधल्या जागेवर परत आला पाहिजे. तो अर्ध्यावर थांबला तर पुढच्या वेळी पाय हलतो, ड्रम हलत नाही.

क्लच

चेन ५० मिमी झुलत होती, जेथे २५ ते ३० मिमी हवी; इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या आसपास फिरत होते, जेथे हजार-अकराशे पुरे. दोन्ही गोष्टी गिअर टाकतानाचा दणका वाढवतात. त्या अर्ध्या तासात ठीक केल्या, दणका कमी झाला आणि तिन्ही तक्रारी जागच्या जागी राहिल्या.

त्यानंतर क्लचची चाचणी घेतली. गाडी मधल्या स्टँडवर चढवून, इंजिन थंड असताना, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला. मागचे चाक हळू फिरू लागले, आणि ते स्वाभाविक आहे, कारण ऑइलात बुडालेल्या प्लेटा क्लच दाबल्यावरही एकमेकींना थोडे ओढत राहतात. मागचा ब्रेक हलकेच दाबताच चाक थांबले आणि इंजिनाच्या आवाजात काहीही फरक पडला नाही. मग गाडी एलबीएस मार्गाच्या गर्दीतून मुलुंड चेकनाक्यापर्यंत नेऊन परत आणली आणि लगेच तीच चाचणी पुन्हा घेतली. या वेळी ब्रेक दाबताच इंजिनाचा आवाज खाली बसला, आणि ब्रेक थोडा अधिक दाबल्यावर इंजिन बंद पडण्याच्या बेतात आले. इंजिन बंद करून पाहिले तर न्यूट्रल एका बोटाने लागले.

एवढ्यावरून पहिली ओळ सुटली. तापलेल्या इंजिनावर क्लच पूर्ण सुटत नव्हता, त्यामुळे डॉगवर इंजिनाची ओढ कायम राहत होती, आणि ओढीखाली दाबलेला डॉग फोर्कला सरकवता येत नाही. काकांचे म्हणणे असे होते की त्यांच्या पूर्वीच्या बुलेटला हा त्रास कधीच झाला नाही. त्याचेही कारण आहे. त्या जुन्या चार गिअरच्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी असे आणि त्याच बाजूला न्यूट्रलसाठी एक वेगळा लिव्हर असे, जो दाबला की पहिला सोडून कोणत्याही गिअरमधून थेट न्यूट्रल लागे. अर्धवट सुटणारा क्लच त्या सोयीमागे वर्षानुवर्षे झाकला जाऊ शकत असे.

मुंबईतल्या टूरिंगवाल्यांसाठी हा दोष विशेष महत्त्वाचा आहे. सी लिंक, पूर्व मुक्त मार्ग आणि अटल सेतू दुचाकींना बंद असल्याने कोकणात जाणाऱ्याची सुरुवात सायन-पनवेल मार्गाच्या संथ गर्दीतूनच होते, आणि शंभर वेळा क्लच दाबून झाल्यावर, इंजिन पुरते तापल्यावर मोकळा रस्ता मिळतो.

नवी केबल टाकीखालून नेताना हँडलच्या मानेपाशी तिला एक तीव्र वळण दिले गेले होते. हँडल डावीकडे वळवले की केबल ताणली जाई, म्हणून बसवणाऱ्याने ॲडजस्टर सैल सोडला होता. परिणामी सरळ हँडलला क्लच लिव्हरच्या मुळाशी ८ मिमी ढिलाई होती, जी २ ते ३ मिमी असायला हवी. म्हणजे मूठ आवळली तरी क्लचच्या प्लेटांना एकत्र दाबून धरणारी प्रेशर प्लेट पुरेशी उचललीच जात नव्हती. केबलचा मार्ग बदलला, ढिलाई ठीक केली. तापल्यावरची चाचणी सुधारली, पण पूर्ण समाधानकारक झाली नाही, तेव्हा ऑइल काढून क्लचचे कव्हर उघडले.

फ्रिक्शन प्लेटा, म्हणजे घर्षणाचे अस्तर असलेल्या प्लेटा, नव्या होत्या. त्यांच्यामधल्या पोलादी प्लेटा मात्र जुन्याच परत घातल्या होत्या. त्या एकेक करून जाड काचेवर ठेवल्या आणि काठाखाली फीलर गेजचे, म्हणजे फट मोजण्याच्या साधनाचे, पाते सरकवून पाहिले. दोन प्लेटांखाली ०.३५ मिमीचे पाते सहज गेले, आणि त्याच दोन प्लेटांवर निळसर डाग होते, म्हणजे त्या कधीतरी फार तापल्या होत्या. अनेक मोटारसायकलींच्या सर्व्हिस पुस्तिकांत ही मर्यादा ०.१ ते ०.३ मिमीच्या दरम्यान असते. वाकलेली प्लेट क्लच सुटल्यावरही शेजारणीला टेकून राहते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळली. फ्रिक्शन प्लेटांचे कान ज्या बोटांमध्ये बसतात त्या क्लच हाउसिंगच्या बोटांच्या कडेवरून नख फिरवले की ते पायऱ्यांवरून उतरल्यासारखे अडखळत जाई. जुन्या प्लेटांच्या कानांनी तेथे सुमारे अर्धा मिलिमीटर खोल खाचा पाडल्या होत्या. नव्या प्लेटांचे कान त्याच खाचांत जाऊन बसत आणि प्रेशर प्लेट उचलली तरी प्लेटा एकमेकींपासून दूर सरकत नसत. अशा खाचा बारीक कानशीने घासून सपाट करण्याची पद्धत आहे. मला ती तात्पुरती सोय वाटते, कारण सगळी बोटे सारखी घासली गेली नाहीत तर एक-दोन कानांवरच सगळा भार येतो. नवे हाउसिंग आणि पोलादी प्लेटांचा नवा संच बसवला. या इंजिनात हाउसिंग काढल्यावर ड्रमचा रोलर आणि लिव्हर परत आणणारी स्प्रिंग समोर येतात. दोन्ही तपासल्या आणि त्या उत्तम स्थितीत होत्या.

ऑइल काढले तेव्हा मी ते ट्रेमध्ये पाहिले, रंग व वास ठीक वाटला, आणि ते वापरलेल्या ऑइलच्या डब्यात ओतायला सांगितले. ते गाळून पाहायला हवे होते.

टाच रिकामी का जात होती

या गाडीत पाय पुढे ठेवून बसायचे असल्याने पायाखालचा लिव्हर गिअर शाफ्टवर थेट बसत नाही. लिव्हर स्वतंत्र खुंटीवर फिरतो, त्याला एक रॉड जोडलेला असतो, रॉडच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतात, आणि रॉडचे दुसरे टोक शाफ्टवर बसवलेल्या एका लहान आर्मला हलवते. म्हणजे पाय आणि शाफ्ट यांच्यामध्ये झिजू शकतील असे चार सांधे आहेत, आणि चारही पावसाच्या पाण्यात उघडे.

दुसऱ्या तक्रारीच्या वेळी मी काहीही न उघडता इंजिन बंद ठेवून फक्त लिव्हरकडे पाहत बसलो आणि एका मुलाला हाताने गिअर टाकायला सांगितले. टाच दाबून सोडली की लिव्हर मधल्या जागेच्या साधारण बोटभर अलीकडेच थबके आणि हाताने किंचित उचलला तरच परत येई. कधी येई, कधी येत नसे. खुंटीवरची बुश, म्हणजे लिव्हर जिच्यावर फिरतो ती धातूची नळी, कोरडी पडून लंबगोल झिजली होती, आणि पुढचा बॉल जॉइंट गंजाने इतका जखडला होता की तो हाताने वळत नव्हता. काकांची गाडी विक्रोळी पूर्वेला खाडीच्या बाजूला उघड्यावर उभी असते. खारट दमट हवेत रबरी टोपी फाटलेला बॉल जॉइंट एखाद-दोन पावसाळ्यांत असा होतो.

आर्म आणि शाफ्ट यांच्या सांध्याकडे मात्र मुलांना खाली वाकवून, टॉर्च धरून पाहायला लावले. आर्मचा बोल्ट इतका आवळला होता की आर्ममधली फट पूर्ण मिटली होती, आणि तरीही आर्म शाफ्टवर किंचित हलत होता. सांध्याच्या काठावर तांबूस रंगाची, हळदीकुंकवाच्या करंड्यात तळाशी उरते तशी बारीक कोरडी भुकटी जमली होती. पाण्याने चढलेला गंज पापुद्र्यासारखा असतो. अशी भुकटी दोन धातू एकमेकांवर सतत सूक्ष्म हलत राहिले की तयार होते. ती दिसली म्हणजे सांधा हलतो आहे, मग बोल्ट कितीही घट्ट लागो. आर्म काढून पाहिला तेव्हा आतले दात गोलावून चकचकीत झाले होते. शाफ्ट कठीण पोलादाचा असल्याने त्याचे दात शाबूत होते.

संशय फिटावा म्हणून रॉड बाजूला काढला, त्याच मॉडेलच्या एका सुस्थितीतल्या गाडीचा आर्म उसना घेऊन शाफ्टवर बसवला, आणि मागचे चाक हाताने फिरवत तो आर्म थेट हलवून पाचही गिअर वर आणि खाली वीस वेळा टाकले. एकदाही गिअर चुकला नाही, प्रत्येक वेळी ‘टक्’ स्पष्ट आला. लिव्हर, रॉड आणि सांधे वगळले की दुसरी तक्रार उरत नव्हती. गिअर टाकण्याच्या कोणत्याही तक्रारीत ही चाचणी करावी असा माझा आग्रह आहे. ती पंधरा मिनिटांत होते, तिला खर्च नाही, आणि दोष इंजिनाच्या बाहेर आहे की आत हे ती निःसंदिग्धपणे सांगते.

नवा आर्म आणि नवे बॉल जॉइंट आणले, बुश लेथवर गनमेटलची करून घेतली, सगळीकडे ग्रीस भरले. लिव्हर प्रत्येक वेळी जागेवर येऊ लागला.

माझी चूक

या टप्प्यावर मी काकांना सांगितले की गिअरबॉक्स उघडण्याची गरज नाही. माझा तर्क असा होता की लिव्हर नीट परत येत नसल्याने आणि आर्म घसरत असल्याने चौथा गिअर अर्धवटच पडत असणार, अर्धवट शिरलेला डॉग ओढीखाली बाहेर पडणारच, आणि आता पूर्ण पडू लागल्यावर तो सुटणार नाही. तर्क चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. अर्धवट पडणारा गिअर आज सुटतोच, शिवाय प्रत्येक सुटण्यात तो डॉगची कडाही थोडी खाऊन जातो. ती कडा आधीच किती खाल्ली गेली आहे हे मी तपासले नव्हते. बाहेरचे दोन दोष सापडल्याच्या समाधानात तिसराही बाहेरचाच असेल असे मी मानून चाललो.

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला, पावसाची उघडीप पाहून, काकांना मागे बसवून गाडी घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या चढावर नेली. न्यूट्रल तापल्या इंजिनावर लगेच लागत होते, दुसऱ्यातून तिसरा अलगद पडत होता. चढाच्या मध्यावर चौथा टाकला, पाय लिव्हरपासून पूर्ण दूर घेतला आणि ॲक्सिलरेटर उघडला. तीन-चार सेकंद गाडीने ओढ घेतली, आणि मग खाली ‘खट्’ असा आवाज होऊन इंजिन मोकळे ओरडले. खाली येऊन पुन्हा चढवली, तेव्हाही तेच झाले. तिसऱ्यात तोच चढ पूर्ण चढता आला, काहीही झाले नाही. मागे बसलेले काका काही बोलले नाहीत, आणि मलाही त्यांना सांगण्यासारखे काही नव्हते.

गाळ्यात परत आल्यावर वर्गातली एक मुलगी म्हणाली, “सर, त्या दिवशी ऑइल आपण गाळलं नव्हतं. डबा अजून तसाच आहे.” तिने ते ऑइल जुन्या सुती धोतराच्या कापडातून गाळले आणि डब्याच्या तळाशी चुंबक फिरवले. चुंबकावर करडी, मऊ, मलमासारखी पेस्ट आली, जी प्रत्येक इंजिनात येते आणि जिची काळजी करण्याचे कारण नसते. त्या पेस्टमध्ये तीन कण होते. सर्वांत मोठा तांदळाच्या कणीएवढा होता. त्याची एक बाजू आरशासारखी घासलेली, आणि दुसरी बाजू खडीसाखर फुटल्यासारखी दाणेदार. घासलेली बाजू म्हणजे डॉगचे काम करणारे अंग, आणि दाणेदार बाजू म्हणजे जेथून तुकडा तुटला ती जागा. इंजिन उघडण्याचा निर्णय आता अंदाजावर घ्यावा लागला नाही.

आत काय निघाले

तिन्ही फोर्कची टोके मायक्रोमीटरने मोजली. दोघांची जाडी ४.९० मिमीच्या आसपास होती. चौथ्या गिअरचे डॉग सरकवणाऱ्या फोर्कचे एक टोक ४.५२ मिमी भरले, आणि त्यावर निळसर झाक होती. म्हणजे ते टोक गिअरच्या फिरत्या खोबणीवर सतत दाबले जाऊन जळले होते. डॉगच्या कडा एका बाजूने गोलावल्या होत्या आणि एका डॉगचा कोपरा उडाला होता.

डॉगची कडा महत्त्वाची का, हे मुलांना सुटे गिअर हातात देऊन दाखवले. अनेक गिअरबॉक्समध्ये डॉगची बाजू सरळ उभी नसते, ती मुळाकडे किंचित आत तिरकी कापलेली असते, जेणेकरून इंजिन ओढू लागले की दोन्ही गिअर एकमेकांना आत खेचून घेतात. कोपरा गोलावला की हाच तिरकेपणा नाहीसा होतो, आणि ओढ जितकी जास्त तितका डॉग बाहेर ढकलला जातो. म्हणूनच सपाट रस्त्यावर चौथा टिकत होता आणि घाटात सुटत होता.

पण ७८,००० किलोमीटरमध्ये एकच फोर्क इतका का झिजला, बाकीचे दोन का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर काकांच्या बुटात सापडले. डाव्या बुटाच्या तळव्यावर, टाचेच्या अगदी पुढे, एक आडवा घट्टा पडला होता. लिव्हरचा मागचा पट्टा फूटरेस्टच्या इतका जवळ आला होता की पाय ठेवला की टाच त्याच्यावरच टेकत असे.

“काका, तुम्ही चालवताना टाच लिव्हरवर ठेवता का?”

“ठेवत नाही रे, ती तिथेच जाते. दुसरी जागा कुठे आहे?”

टाचेचा तो हलका, कायमचा दाब ड्रमला वरच्या गिअरकडे ढकलत राहतो. चौथ्यात असताना तो ड्रमला पाचव्याकडे, म्हणजे चौथ्याच्या फोर्कला डॉग बाहेर काढण्याच्या दिशेने दाबतो. पाचव्यात असताना पुढे घरच नसल्याने तसे होत नाही. आणि काकांची गाडी घाटात व शहरात सर्वांत जास्त वेळ चौथ्यातच असते. एका बाजूने टाचेचा दाब, दुसऱ्या बाजूने पूर्ण न सुटणाऱ्या क्लचमुळे ओढीखाली टाकले जाणारे गिअर, आणि त्यात झिजलेल्या आर्ममुळे अर्धवट पडणारे घर, अशा तिन्हींनी मिळून तो फोर्क आणि ते डॉग खाल्ले होते.

आधीच्या गॅरेजने गिअरबॉक्स गेला आहे असे सांगितले होते आणि ते खरे निघाले. ती दुरुस्ती तेथेच झाली असती तर मात्र नवा फोर्क आणि नवे गिअर त्याच क्लचखाली, त्याच आर्मखाली आणि त्याच टाचेखाली गेले असते, आणि ते किती टिकले असते याबद्दल मला मोठी शंका आहे. गिअरबॉक्समध्ये दिसणारी झीज ही बहुधा बाहेर वर्षानुवर्षे चाललेल्या एखाद्या गोष्टीची नोंद असते. ती गोष्ट न शोधता फक्त झिजलेला भाग बदलणे मला अर्धवट काम वाटते.

चौथ्याच्या जोडीसाठी मुलांनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सामानातला एक संच शोधून आणला. दिसायला तो स्वच्छ होता, दात निर्दोष होते. डॉगच्या कोपऱ्यावरून नख आडवे फिरवले तर ते अडायला हवे. येथे ते अलगद घसरून गेले. संच परत केला. डॉग आणि त्याची खोबण एकमेकांच्या सहवासात झिजतात, त्यामुळे एकच गिअर नवा टाकणे मी टाळतो. दोन्ही गिअर, फोर्क, सर्क्लिप, वॉशर आणि ऑइल सील असे नवे सामान मागवले. ते यायला नऊ दिवस लागले.

जोडणी करताना रॉडची लांबी बदलून लिव्हरचा मागचा पट्टा वर घेतला. काकांना बूट घालून गाडीवर बसवले, नेहमीसारखे पाय ठेवायला सांगितले आणि टाच व पट्टा यांच्यामध्ये बोट आडवे घालून पाहिले. पहिल्या वेळी बोट अडकले. तिसऱ्या वेळी दोन बोटे मोकळी गेली, तेव्हा रॉडच्या चेकनट आवळल्या.

गायमुखचा चढ पुन्हा पहाटे, दहा वेळा, चौथ्यात पूर्ण ॲक्सिलरेटरवर चढवला. एकदाही गिअर सुटला नाही. थंड इंजिनावर पहिला टाकताना थोडा दणका अजून येतो, आणि तो ऑइलात बुडालेल्या क्लचच्या बहुतेक गाड्यांत येतोच, हे काकांना आधीच सांगून ठेवले, म्हणजे पुढे तो कोणी दोष म्हणून दाखवला तर त्यांनी घाबरू नये.

काका गणपतीला गावी जाऊन ६२० किलोमीटर करून परत आले तेव्हा ऑइल काढले आणि या वेळी ते गाळण्याचे काम मी स्वतः केले. कापडावर आणि चुंबकावर फक्त करडी पेस्ट होती, कण एकही नव्हता. शाफ्टवरच्या आर्मचा बोल्ट तपासला, सांध्यावर पांढऱ्या सुती चिंधीचे टोक फिरवले आणि ते उजेडात धरून पाहिले. चिंधीवर ग्रीस आले होते. तांबूस डाग नव्हता.